परदेशात कार्ड कसं वापरायचं, कॅश कशी काढायची: बडोद्याहून निघणाऱ्यांसाठी

परदेशातल्या एटीएममधे कार्ड घातलं, पिन टाकला, रक्कम टाकली आणि शेवटी स्क्रीनवर एकदम आपले रुपये दिसले की जिवाला बरं वाटतं, वाटतं चला किती कापले जाणार ते तरी कळलं. नेमके तिथेच पैसे जातात. म्हणून बाकीचं सगळं नंतर, आधी हे एक डोक्यात पक्कं बसवा: मशीनने किंवा दुकानदाराने "रुपयात घेऊ की इथल्या चलनात" असं विचारलं तर उत्तर कायम इथल्या चलनात. थायलंडमधे बाट, दुबईत दिरहम, लंडनला पाउंड. रुपये कधीच नाही.

मला हे बँकॉकच्या विमानतळावर कळलं. सासूबाई धरून आम्ही चौघं, अहमदाबादहून रात्रीची फ्लाइट, पहाटे उतरलो, झोप नाही, बाहेर टॅक्सीला कॅश हवी. मशीनवर १०,००० बाट टाकले तर पुढच्या स्क्रीनवर आलं २५,८०० रुपये आणि खाली दोन पर्याय, एक मोठं हिरवं बटण की हा रेट मान्य आहे, आणि दुसरं बारीक अक्षरात की रूपांतर नको. मागे लाइन लागलेली, मी हिरवं दाबलं. हॉटेलवर पोचून मिस्टरांनी हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की त्या दिवशीच्या रेटने साधारण २४,००० व्हायला हवे होते. म्हणजे एका बटणाचे १,८०० रुपये, आणि मशीनची फी २२० बाट ती वेगळीच. सासूबाई रागावल्या नाहीत, पण पुढचे पाच दिवस मी कुठेही कार्ड काढलं की म्हणायच्या, आधी नीट वाच गं. त्यांचं ते बोलणं मला अजूनही उपयोगी पडतं.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, शॉर्टमधे डीसीसी. होतं असं की रुपयाचा रेट तुमची बँक ठरवत नाही आणि व्हिसा-मास्टरकार्डही ठरवत नाही, ते मशीन ज्याचं आहे त्याच्याकडची कंपनी ठरवते आणि आपला नफा त्यातच घालून ठेवते. इथल्या चलनात म्हटलं की व्हिसा किंवा मास्टरकार्डचा रेट लागतो, तो बऱ्यापैकी बाजाराजवळ असतो, आणि वर आपल्या बँकेचा मार्कअप, म्हणजे रेटवर लावलेला जादा टक्का. आणि रुपयात केलं म्हणून बँकेचा चार्ज वाचतो असंही नाही, कारण दुकान परदेशातलंच ना, बऱ्याच बँका अशा रुपयातल्या व्यवहारावरही वेगळा चार्ज लावतात, मग दोन्हीकडून मार. अजून एक, "रूपांतर नाकारा" असं बटण दिसलं की आपल्याला वाटतं आता व्यवहारच रद्द होणार, पैसे येणारच नाहीत. तसं नाही, पैसे येतात, फक्त रूपांतर त्यांच्या रेटने होत नाही. दुकानात आणि हॉटेलात तर कधी कधी काउंटरवरचा माणूस न विचारताच रुपये निवडून मोकळा होतो. स्लिपवर आयएनआर, म्हणजे रुपये, छापलेलं दिसलं तर तिथल्या तिथे सांगायचं की हे कॅन्सल करा आणि लोकल करन्सीत परत करा. लाजायचं नाही, तो आपला हक्क आहे.

आता घरून निघण्याआधीचं, आणि हे मी सगळ्यात जास्त कळकळीने लिहितेय कारण आपल्याकडे दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर, कुठल्याही मराठी घरात विचारा, कोणाचा मुलगा टोरांटोला, कोणाची लेक मेलबर्नला, आणि आईवडील सहा-सहा महिने जाऊन राहतात. आमच्या मावशीचं असंच झालं. पहिल्यांदा लेकीकडे कॅनडाला गेली, पर्समधे डेबिट कार्ड, खात्यात पेन्शन जमा, सगळं व्यवस्थित. तिकडे दुकानात कार्ड चालेना. कार्डाचं इंटरनॅशनल वापर बंद होतं, चालू करायला अॅप उघडायचं तर ओटीपी बडोद्याच्या नंबरवर, आणि त्या नंबरला रोमिंगच घेतलेलं नव्हतं. जेवणाखाण्याची काही अडचण नव्हती, लेकीचंच घर. पण नातवाला खेळणं घ्यायचं तरी जावयाकडे पैसे मागायचे, याचं तिला इतकं वाईट वाटत राहिलं की तिने पाच महिन्यांत स्वतःसाठी काहीही घेतलं नाही. जावई चांगला आहे हो, तो प्रश्नच नाही. पण अडतीस वर्षं शाळेत शिकवून मिळालेली पेन्शन स्वतःच्या हाताने खर्च करता येऊ नये, हे मला अजून सलतं.

तर, हे टाळायला काय करायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन किंवा बदलून आलेलं कार्ड फक्त भारतातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनवर चालू असतं, परदेशातला वापर, ऑनलाइन वापर आणि टॅप करून पैसे देणं हे आपण स्वतः चालू करायचं. बँकेच्या अॅपमधे कार्डाच्या विभागात जा, तिथे डोमेस्टिक आणि इंटरनॅशनल असे दोन भाग असतात, इंटरनॅशनलमधे एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप यांची वेगवेगळी बटणं आणि प्रत्येकाचं लिमिट. एटीएम आणि दुकान चालू करा, टॅप चालू करा, ऑनलाइन मात्र गरज नसेल तर बंदच ठेवा, कारण बाहेरच्या कितीतरी वेबसाइट ओटीपी मागतच नाहीत, नुसत्या कार्डच्या नंबरवर पैसे जातात. लिमिट शून्यावर असेल तर बटण चालू असूनही पैसे निघणार नाहीत, तेही बघा. हे सगळं घरी बसून, चहा पिता पिता, निघायच्या आठवडाभर आधी करायचं, विमानतळावर नाही. अॅप जमत नसेल तर ब्रँचमधे जाऊन करून घ्या, आणि जाताच आहात तर कार्डावर "फक्त भारतात वैध" असलं काही छापलंय का, एक्स्पायरी कधी आहे, आणि आपला ईमेल बँकेत नोंदवलाय का हेही विचारा, म्हणजे एसएमएस नाही आला तरी व्यवहाराची खबर मेलवर येते. साधं रुपे कार्ड बाहेर चालत नाही, इंटरनॅशनल वापराचं रुपे वेगळं असतं, ते डिस्कव्हर आणि डायनर्स या परदेशी कार्ड कंपन्यांच्या नेटवर्कवर चालतं.

आपला बडोद्याचा सिम रोमिंगवर चालू ठेवाच. तिकडचा नवीन सिम घेतला तरी हा फोनमधे असू द्या, डेटा बंद ठेवा, ओटीपीपुरता.

आणि एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम. खातं जॉइंट असतं पण कार्ड एकच, ते काकांच्या पाकिटात. काकूंच्या नावाचं दुसरं कार्ड काढून घ्या, पिन त्यांनी स्वतः सेट करावा, आणि जायच्या आधी इथल्याच एटीएममधून एकदा त्यांनी स्वतः पाचशे रुपये काढून बघावेत. परक्या देशात कोणी एकटं पडलं तर त्या वेळी पिन आठवत बसायला नको. आणि पिनची चिठ्ठी कार्डाच्या कव्हरमधे ठेवू नका! मावशीच्या कव्हरमधे मला ती सापडली होती, चार घड्या घातलेली, वर "टेलिफोन" असं लिहिलेलं.

कार्ड कुठलं न्यायचं हा प्रश्न सगळे विचारतात. एकच न्यायचं नाही हे पहिलं उत्तर. दोन कार्डं, शक्यतो एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड, दोन वेगळ्या बँकांची असली तर उत्तमच, आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी, एक पर्समधे, एक हातातल्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात. चेक-इनच्या बॅगेत नाही.

डेबिट कार्ड कॅश काढायला. त्यावर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप घेते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,००० रुपयांच्या खर्चावर साडेतीन टक्क्यांनी ३५० अधिक ६३ असे ४१३ रुपये. शिवाय एटीएममधून काढलं तर दर वेळची ठराविक फी. मार्कअप न लावणारी कार्डंही आता मिळतात, सारखं जाणं होत असेल तर ते बघण्यासारखं आहे. क्रेडिट कार्ड हॉटेल आणि भाड्याच्या गाडीसाठी, कारण ते लोक डिपॉझिट म्हणून मोठी रक्कम ब्लॉक करतात. डेबिटवर ब्लॉक झाली तर तुमच्या खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला दिवस लागतात, क्रेडिटवर नुसतं लिमिट अडकतं. मात्र क्रेडिट कार्डाने एटीएममधून कॅश काढू नका. तिथे महिनाभराची सवलत नसते, फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू.

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, भराल त्या दिवशीचा रेट पक्का होतो. शिकायला जाणाऱ्या मुलांना आणि लांब मुक्कामाला जाणाऱ्यांना मला हेच बरं वाटतं, कारण खर्च डोळ्यासमोर राहतो आणि हरवलं तरी घरचं मुख्य खातं त्याला जोडलेलं नसतं. फक्त ज्या देशात जाताय त्याच देशाचं चलन भरा. कॅनडाला निघालात आणि अमेरिकन डॉलर भरले तर तिकडे प्रत्येक स्वाइपला डॉलरातून डॉलरात बदलण्याचा चार्ज लागतो, हे बरेच जण करतात कारण काउंटरवर "डॉलर द्या" एवढंच म्हणतात. आणि हे कार्ड भारत, नेपाळ, भूतानमधे चालत नाही.

कॅश. नोटांच्या रूपात बहुतेक देशांसाठी एका ट्रिपला माणशी ३,००० अमेरिकन डॉलरपर्यंत नेता येतं, एवढे कोणी नेऊही नयेत. पहिल्या दोन दिवसांचं, टॅक्सी, पाणी, जेवण, एवढं हातात असलं की बस. अलकापुरीत, आर. सी. दत्त रोडला चलन बदलून देणाऱ्या दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा आणि विचारताना "सगळं धरून किती" असं विचारा, कारण नुसता रेट सांगतात आणि मग जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज वर येतो. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन कार्ड न्यायचं, आणि ५०,००० रुपयांच्या वरचं असेल तर पैसे खात्यातून द्यायचे, रोख चालत नाही. विमानतळावर बदलायचं ठेवू नका, तिथला रेट सगळ्यात वाईट. नोटा घेताना फाटलेल्या, शाई लागलेल्या, फार जुन्या परत करा, बऱ्याच देशांत असे डॉलर घेत नाहीत. सगळ्या शंभराच्या नको, दहा-वीसच्याही मागा. आणि आपले दोन-तीन हजार रुपये बाजूला ठेवा, परत येताना अहमदाबादला उतरून बडोद्यापर्यंत शंभर किलोमीटर यायचं असतं, तेव्हा ड्रायव्हरला द्यायला लागतात. नियमाने जाता-येता २५,००० रुपयांपर्यंत जवळ ठेवता येतात.

आता प्रत्यक्ष तिकडे मशीनसमोर. शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेलं मशीन बघा आणि शाखा उघडी असताना जा, कार्ड अडकलं तर आत जाऊन सांगता येतं. टुरिस्टांच्या चौकात, बारच्या किंवा सुवेनिरच्या दुकानाशेजारी एकटं उभं असलेलं मशीन टाळा, फी जास्त आणि रुपयाचा प्रश्न तिथे हमखास. कार्ड घालायच्या आधी फटीला हात लावून बघा, काही चिकटवलेलं हलतंय का. पिन टाकताना दुसरा हात वर धरा. मग खात्याचा प्रकार विचारेल, सेव्हिंग्ज निवडा. ऑस्ट्रेलियात सीएचक्यू, एसएव्ही आणि सीआर अशी तीन अक्षरी बटणं असतात, तिथे एसएव्हीने नाही झालं तर सीआर दाबून बघा, त्याने डेबिट कार्ड काही क्रेडिट होत नाही, पैसे तुमच्याच खात्यातून जातात. चुकीचा पिन मात्र परत परत टाकू नका, तिसऱ्यांदा चुकला की कार्ड ब्लॉक. मशीन फी सांगेल, ती मान्य केल्याशिवाय पुढे जाणार नाही, म्हणून थोडं थोडं पाच वेळा काढण्यापेक्षा अंदाज घेऊन एकदाच काढा. मग रुपयाचा प्रश्न येईल आणि त्याचं उत्तर तुम्हाला आता माहीत आहे. नोटा आल्या की कार्ड घेतलं का बघा, काही मशीन आधी नोटा देतात आणि मग कार्ड, आपण नोटा मोजत निघून जातो. आणि पैसे आलेच नाहीत पण कापल्याचा मेसेज आला तर घाबरू नका, त्या मशीनचा आणि स्लिपचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, आणि तक्रार आपल्या बँकेकडे करा, तिकडच्या बँकेकडे नाही.

व्हिएतनाम, इंडोनेशियात शून्यांकडे लक्ष द्या. व्हिएतनामची सगळ्यात मोठी नोट ५,००,००० डाँगची आहे आणि ती आणि २०,००० ची नोट दोन्ही निळसर, रात्री टॅक्सीत देताना गल्लत होते. घरीच एकदा कागदावर लिहून ठेवा की एक लाख म्हणजे आपले किती.

देशादेशात फरक आहेत. लंडनच्या बसमधे २०१४ पासून कॅश घेतच नाहीत, कार्ड टॅप करायचं, आणि माणशी एक कार्ड लागतं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, हेही काकूंना वेगळं कार्ड हवं याचं एक कारण. जपानमधे उलट, छोट्या दुकानांत अजून कॅश लागते, आणि तिथे सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातल्या एटीएममधे आणि पोस्टाच्या एटीएममधे बाहेरची कार्डं चालतात. अमेरिकेत पेट्रोल पंपावर मशीन झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड, विचारतं, आपल्या कार्डाला तो नसतो, मग आत काउंटरवर जाऊन आधी पैसे द्यायचे. तिथे हॉटेलात जेवलं की आधी कार्ड स्वाइप होतं आणि टीप नंतर स्लिपवर तुम्ही लिहिता, म्हणून मेसेजची रक्कम आणि शेवटी कापलेली रक्कम वेगळी दिसते, ती फसवणूक नाही. कॅनडात एक सेंटचं नाणं २०१३ मधे बंद झालं, रोख दिलं तर बिल पाच सेंटांवर पूर्ण करतात, कार्डाने दिलं तर जेवढं आहे तेवढंच.

यूपीआयचं विचाराल तर सिंगापूर, यूएई, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस आणि फ्रान्समधे काही काही ठिकाणी चालतं, अॅपमधे यूपीआय इंटरनॅशनल चालू करावं लागतं. चाललं तर छान. त्याच्या भरवशावर मात्र निघू नका.

कराचं थोडक्यात. फॉरेक्स कार्ड, डेबिट कार्ड, कॅश हे सगळं मिळून वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या पुढे गेलात तर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, तो रिटर्न भरताना वळता होतो. साध्या फिरायला जाणाऱ्याचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही. परदेशात प्रत्यक्ष स्वाइप केलेलं क्रेडिट कार्ड सध्या या मर्यादेत धरत नाहीत.

कार्ड हरवलं तर आधी अॅपमधून ब्लॉक, मग फोन. कार्डामागे जो १८०० चा नंबर असतो तो परदेशातून बहुतेक लागतच नाही, म्हणून बँकेचा +९१ वाला नंबर आधीच शोधून एका कागदावर लिहा आणि तो कागद पासपोर्टच्या कव्हरमधे ठेवा, फोनमधेच ठेवला आणि फोनच गेला तर काय करणार. कोणी तिसऱ्याने पैसे काढले, तुमची किंवा बँकेची चूक नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर काही रक्कम तुमच्यावर येते. म्हणून मेसेज आणि मेल रोज रात्री बघायचेच, आणि कळवलं की तक्रारीचा नंबर मागून घ्यायचा.

मावशी दुसऱ्यांदा गेली तेव्हा आम्ही दोघी तिच्या माजघरात बसून हे सगळं केलं, दोन कार्डं, नवीन पिन, रोमिंग, +९१ चा कागद. पोचल्यावर चौथ्या दिवशी तिने मला एका स्लिपचा फोटो पाठवला, लोकरीच्या दुकानाची, रक्कम कॅनडियन डॉलरमधे, आणि खाली लिहिलेलं, रुपये विचारलं होतं पण नाही म्हटलं.

परत आल्यावर इंटरनॅशनलची बटणं बंद करा, दोन महिने स्टेटमेंट बघत राहा कारण काही व्यवहार उशिरा येतात. फॉरेक्स कार्डात उरलेले पैसे परत खात्यात घेता येतात. उरलेल्या नोटा २,००० डॉलरपर्यंत पुढच्या वेळेसाठी ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांच्या आत परत करायच्या. नाणी कोणी बदलून देत नाही, ती तिकडेच विमानतळावर पाण्याच्या बाटलीत संपवा, आणि तरी उरली तर पुढे जाणाऱ्या कोणाला तरी द्या, ट्रॉलीला आणि पहिल्या चहाला उपयोगी पडतात. आमच्याकडे त्यासाठी लोणच्याची एक रिकामी बरणी आहे, कॅनडाला कोणी निघालं की मावशी त्यातली मूठभर काढून देते.